चुकीच्या कासवांवर फवारणी

क्लेटन रॅटलिफला त्या दुपारी मिळवायचं होतं ते एवढंच: आईची वांगी वाचवल्याचं श्रेय. त्यासाठी त्यानं कुंपणापलीकडच्या काटेरी रानवांग्यांवरच्या किड्यांवर विष फवारलं. पलीकडचं कुरण व्हर्ना पर्विसचं, हे त्याला ठाऊक होतं. व्हर्ना कशी आहे, हे मात्र… फ्लोरिडात परतून त्याला जेमतेम महिना झाला होता.

ती ट्रकमधून उतरली तीच ओरडत.

"कुणाला विचारून मारलेत माझे किडे?"

"तुमचे? मॅम, लोक कुत्री पाळतात!"

"हे रान माझं कुरण गिळतंय. फळं पिकली की गुरं खातात, शेणातून बी सगळीकडे. कुरण गेलं की गुरं विकायची! ते किडे फक्त हेच रान खातात, म्हणून आणून सोडले होते मी."

"फक्त हेच? मग आईच्या वांग्यांवर हा कोण?" त्यानं औषधाच्या गोळ्यांची जुनी बाटली पुढे केली. आत हिरवा, चपटा, कासवासारखा किडा.

तिनं बाटली उन्हात धरली. रागारागानं ती फिरवून पाहिली. तो तिच्या बोटांकडेच पाहत राहिला.

"हा इथलाच, दुसऱ्या जातीचा. दिसतो सारखाच."

"म्हणे दुसरा!"

"चला, दाखवते."

क्लेटनच्या आईच्या ओसरीवर दोन बरण्या ठेवल्या, दोन्हींत वांग्याचं पान. एकीत बाटलीतला किडा, दुसरीत व्हर्नाचा वाचलेला. पाऊस आला, गेला. संध्याकाळपर्यंत एका पानाची चाळण झाली होती. व्हर्नाचा किडा पानाला न शिवता झाकणाला उपाशी चिकटून होता.

"क्लेट," आई म्हणाली, "भलत्यालाच गोळी घातलीस की रे!"

"आता झुडपं कोण उपटणार?" व्हर्ना कडाडली.

"…मी."

तो रोज आला, रोज भांडला. ऑगस्ट संपता संपता कुरण मोकळं झालं. एक झुडूप सोडून.

"हे का ठेवलंत? एवढ्याचं बी सगळं परत आणेल!"

"फळं रोज तोडतोय. हे संपलं की… यायला निमित्त उरणार नाही."

"निमित्त? मूर्ख माणसा, मी रोज फाटकाशी काय गुरं मोजायला उभी असते?" तिनं त्याचा काटे भरलेला हात असा ओढला की तो कळवळला. "राग गेलेला नाही हं माझा!"

"राहू दे. मी आहे ना… इथेच."

तिनं स्वतःच ते झुडूप उपटलं.

हिशेब लावला तर दोघंही फायद्यात. किंमत मोजली ती फवाऱ्याखाली मेलेल्या निरपराध हिरव्या कासवांनी.