मायनसची ठिणगी

भुतं रात्रीच दिसतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हे भर दुपारी घडलं. माझ्या सख्ख्या मामाच्या डोळ्यांदेखत घडलं. आणि मामा थापा मारणाऱ्यातला नाही. थापा मारायला डोकं लागतं, असं तो स्वतःच म्हणतो.

रविवार होता. जागा, मावशीच्या घरामागची गाडीची शेड.

मामाला सगळे बारकू म्हणतात. अंगापिंडाने बघाल तर हसाल. धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. मावशी त्याची थोरली बहीण.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्या वर्षी सकाळी गाडी घेऊन बाहेर पडले.

परत आलेच नाहीत.

गाडी सापडली. धरणाच्या भिंतीजवळ, अगदी नीट कडेला लावलेली. पाण्यात शोधलं, रानात शोधलं. माणूस नाही, चप्पल नाही, काही नाही.

आम्ही सगळ्यांनी काय ते मनाशी समजून घेतलं. मावशीने नाही.

"पाण्यात सापडले नाहीत ना? मग आहेत कुठेतरी." या एका वाक्यावर ती जगत होती. जेवत होती ती त्यावर, झोपत होती ती त्यावर.

गाडी घरी आणली तेव्हा मामानेच बॅटरी काढून ठेवली होती. त्या रविवारी मावशीने त्याला बोलावून घेतलं.

"गाडी चालू करून ठेव रे. हे आले आणि गाडी बंद दिसली तर घर डोक्यावर घेतील."

मामा बरं म्हणाला.

कामाला मात्र तो पक्का. बोटातली अंगठी काढली, डोळ्यांना चष्मा लावला. चार्ज केलेली बॅटरी जागेवर बसवली. वायरींच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासून कोरडी केली. शेडचं दार सताड उघडलं. चार्ज झालेल्या बॅटरीतून वायू निघतो, कोंडून राहिला आणि ठिणगी पडली तर बॅटरी तोंडावर फुटते.

काढताना आधी मायनस. जोडताना आधी प्लस, मायनस शेवटी. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

प्लस घट्ट केला. मायनसची वायर टेकवली...

चट्ट!

बारीक ठिणगी उडतेच. तिला कुणी भीक घालत नाही. पण ही चांगली जाडजूड होती, निळी. अशी ठिणगी उडाली की समजायचं, गाडीत काहीतरी चालू राहिलंय.

"ताई, दार नीट लागलंय का बघ गं."

सगळी दारं बंद. डिकी बंद. किल्ली शून्यावर. आतला दिवासुद्धा बंद.

मामा हसला. "काखेत कळसा अन् गावाला वळसा. इथंच असणार कुठेतरी."

त्याने बॅटरीचा मायनस आणि सुटी वायर यांच्यामध्ये टेस्टचा बल्ब लावला. गाडी वीज खात असेल तर बल्ब पेटतो. साधा हिशेब.

बल्ब पेटला.

मग विझला.

मग... पुन्हा पेटला.

मामाचं हसू मावळलं. वायर कुठे घासली असेल तर बल्ब फडफडतो. हा फडफडत नव्हता. सावकाश, कुणीतरी बटण दाबावं आणि सोडावं, तसा पेटत होता.

तो एकेक फ्यूज काढून बघू लागला. हेडलाइटचा काढला, बल्ब चालूच. हॉर्नचा काढला, चालूच. मग ब्रेकच्या दिव्यांचा काढला...

बल्ब मेला.

आता ब्रेकचे दिवे किल्लीशिवायही लागतात. पण लागतात कधी? पेडलवर पाय पडला तरच.

"स्विच अडकला असेल," मामा स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. फ्यूज परत बसवला, ड्रायव्हरचं दार उघडून खाली वाकला.

पेडल खाली गेलेलं होतं.

त्याने खालून बोटं घालून वर ओढलं. हलेना. वरून भार असावा तसं.

मग ते आपोआप वर आलं.

आणि त्याच्या नाकासमोर... पुन्हा खाली गेलं.

वर्षभराची धूळ होती पेडलवर. तिच्यावर ठसा नव्हता. बोटाचा नाही, बुटाचा नाही.

माणूस घाबरला की हात ओळखीचंच काम करतात. बॅटरीपाशी येऊन त्याने बल्ब काढला आणि मायनस सरळ घट्ट करून टाकला. का केलं, ते त्याला आजही सांगता येत नाही.

"बारकू..."

मावशीचा आवाज गाडीच्या मागून आला.

"इकडे ये."

शेडच्या मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता. दोनदा लागला, विझला. थांबला. पुन्हा दोनदा.

"स्विच खराब आहे ताई. नवीन टाकतो."

"स्विच नाही रे." मावशी भिंतीकडेच बघत होती. "मी फाटकात उभी राहायचे ना, तेव्हा हे वळणावर असंच करायचे. दोनदा ब्रेक. येतो म्हणून."

मावशी मटकन खाली बसली.

"म्हणजे... गेले रे हे."

वर्षभर न रडलेली बाई रडायला लागली. आपण गाडी नाही जोडली, बहिणीची आशा तोडली, असं मामाला वाटलं. त्याने पाना उचलला, मायनस काढायला गेला. तिने मनगट धरलं.

"राहू दे."

"बॅटरी उतरेल."

"उतरू दे. तोवर बसते."

अंधार पडेपर्यंत ती तिथेच बसली होती. दिवे फिके झाले, मग गेले.

मामाने स्विच बदलला. काही उपयोग झाला नाही. बॅटरी उतरली की मावशीचा निरोप यायचा, मामा चार्ज करून नेऊन द्यायचा. निदान रडून मोकळी होतेय, असं तो आम्हाला सांगायचा.

मागच्या खेपेला तो गेला तेव्हा मावशी मागे बसलेली नव्हती.

गाडीत होती. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. पट्टा लावून, चांगली साडी नेसून.

"ताई, बाहेर ये."

तिने हँडल फिरवून काच थोडी खाली केली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"जोड रे लवकर. कधीचे थांबलेत हे."

मामाने वायर जोडली नाही. बॅटरी तशीच खांद्यावर मारली आणि घरी आणली. मावशी त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

काल तिच्या शेजारीणबाई सहज म्हणाल्या, मावशीने दुसऱ्याच कुणा गॅरेजवाल्याकडून नवी बॅटरी बसवून घेतलीय.

मामा सकाळपासून फोन लावतोय. मावशी उचलत नाहीये.