तिसऱ्या बाटलीतला थेंब

"हा तिसरा पंप! आन् हितं बी भेसळ!" गुंडेरावांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

पेट्रोल भरण्यापुरती बंद केलेली गाडी पुन्हा चालू होईना. राम आणि विजयश्री ही त्यांची मुलं, अन् सुट्टीला बिदरच्या मैलूरहून आलेली भाची विभा, तिघांनी उतरून गाडी ढकलत कडेला घेतली. उद्या सकाळी आठला माणिकप्पा आजोबांना डायलिसिससाठी बिदरला न्यायचं होतं. मागच्या खेपेला गाडी अशीच अडली, उशीर झाला आणि मशीन दुसऱ्या रुग्णाला दिलं. दोन दिवसांत आजोबांचे पाय सुजले, बसल्या जागी धाप लागू लागली. लग्नसराईमुळे त्यांच्या हळ्ळीखेड गावातली एकही जीप मोकळी नव्हती.

"मामा," विभा म्हणाली, "काल ही औषधाच्या दुकानापुढं अडली. तिथं कुठं पेट्रोल भरलं होतं?"

"तू गप बस गं!"

अर्ध्या तासाने काहीही दुरुस्त न करता, नुसती चावी फिरवताच गाडी चालू झाली! विभाने वहीत वेळ लिहिली.

"रात्रभर उभी राहिली तर सकाळी लगेच चालू होते," ती घरी आल्यावर म्हणाली. "तापलेली गाडी दहा मिनिटं थांबली, की अडते."

"म्हंजे तिला डुलकी चालत न्हाई, पुरी झोप पाहिजे," राम म्हणाला. "माझ्यासारखं!"

शेजारचे सिद्धूकाका ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. विभाचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "इंजेक्टर बघू. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या चार बारीक तोट्या असतात त्या. पण लवकर! सहाला मला वरातीत जायचंय."

परसात त्यांनी चारही इंजेक्टर पाइपासकट उचलून बाहेर काढले. प्रत्येकाखाली एकेक काचेची बाटली ठेवली. ठिणगी पडू नये म्हणून स्पार्क प्लगच्या तारा आधीच काढल्या होत्या.

"थांबा!" विभा ओरडली. "मामी बंब पेटवायलीय!"

चार पावलांवर कलाबाई आजोबांच्या अंघोळीसाठी बंबात गोवऱ्या घालत होत्या. पेट्रोलची वाफ जमिनीलगत तिथपर्यंत गेली असती तर? विजयश्रीने पळत जाऊन काडेपेटीच हिसकावली.

"अगं, काय झालंय तुला?" कलाबाई चमकल्या.

सिद्धूकाकांचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच न्हाई आलं," ते पुटपुटले.

मग चावी फिरली. चार फवारे, चारही सारखे!

"बघितलंस? एकदम झकास. बसवतो परत."

"काका, बंद केल्यावर गळतंय का तेही बघू. दहा मिनिटं!"

"वरात निघंल गं पोरी! राम, दहा नंबरचा पाना दे."

रामने विभाकडे पाहिलं. विभाने हलकेच मान हलवली.

"हितंच होता की, काका!" असं म्हणत रामने पाना पाठीमागे सरकवला. विजयश्री त्यावर फतकल मारून बसली.

सिद्धूकाका पेटी उपसू लागले. गाडीखाली वाकले. "दहाचाच पाना कामून हरवतोय दरवेळी?"

विभाची नजर बाटल्यांवर होती. तीन मिनिटं. काही नाही. पाच. आपलं चुकलं असेल तर? उद्या गाडी पुन्हा रस्त्यात अडली तर? सात.

तिसऱ्या इंजेक्टरच्या टोकाला काहीतरी चमकलं. फुगलं. टप्!

"काका! थेंब!"

सिद्धूकाका गुडघ्यांवर आले. दुसरा थेंब पडला. बाकी तीन कोरडे होते.

"गाडी थांबली, की हेच थेंब इंजिनात पडतायत," विभा म्हणाली. "जास्त पेट्रोल साचतं, म्हणून चालू होत नाही. ते उडून गेलं, की पुन्हा चालू होते."

"टोकाला कचरा अडकलाय. तोंड पुरतं मिटंना झालंय." काकांनी तिसरा इंजेक्टर सुटा केला, साफ करायच्या औषधाचा डबा त्याला जोडला आणि बॅटरीपासून दारावरच्या घंटीचं बटण मध्ये घालून तारा ओढल्या. "टिक-टिक दाबायचं. धरून ठेवलं तर आतली तार जळंल."

रामने दाबलं. टिक. टिक. टिक. काळपट औषध बाटलीत उडालं, मग हळूहळू स्वच्छ झालं.

पुन्हा चाचणी. पुन्हा दहा मिनिटं. या वेळी सिद्धूकाका स्वतः घड्याळ धरून बसले. थेंब नाही!

विजयश्री उठली. पाना दिसला.

"आं! ह्याच्यावर बसली व्हतीस?"

"चुकलं, काका."

"न्हाई चुकलं. मी फवारा बघून उठायलो व्हतो." दूर वरातीचा बँड वाजत होता; ते इंजेक्टर बसवू लागले.

संध्याकाळी गुंडेरावांनी गाडी फाट्यापर्यंत तापवून आणली, अंगणात बंद केली आणि दहा मिनिटं थांबले. मग त्यांनी चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं!

"विभा," ते खाली उतरून म्हणाले, "मी तीन पंपवाल्यांशी भांडलो गं. तू मात्र नीट बघितलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना बिदरच्या दवाखान्यात नर्स ईरम्मा डायलिसिसच्या खोलीच्या दारात आली.

"अप्पा, आज इतक्या लवकर?"

"घरात तीन मेकॅनिक तयार झालेत," आजोबा म्हणाले आणि मुलांच्या डोक्यांवरून आळीपाळीने हात फिरवून आत गेले.

काचेपलीकडे आजोबांच्या हाताला नळ्या जोडल्या गेल्या. मशीनचं रक्त फिरवणारं चाक फिरू लागलं. तेव्हा कुठे विभा बाकावर टेकली.