आत उघडणारं दार

जेवणाच्या सुट्टीत ताईने नव्या इस्पितळाचा नकाशा संगणकावर उघडला, तो नुसते खोल्यांचे नंबर टाकायला. वास्तुविशारद साहेबांकडे ती बारा वर्षं नकाशे काढत होती.

पहिल्याच न्हाणीघरात तिला दारामागे कोणीतरी आडवं दिसलं. बारीक रेषेत काढलेलं माणूस, पाय दुमडलेले, एक हात दाराकडे. कोणाची तरी चेष्टा, म्हणून तिने ते पुसलं. पुढच्या न्हाणीघरातही तेच. मागे येऊन पाहते तर पुसलेलं परत जागेवर, आणि हात दाराच्या थोडा जवळ सरकलेला.

हे न्हाणीघर म्हणजे ऑफिसचा ठरलेला ब्लॉक. एकदा काढायचा आणि प्रत्येक इमारतीत डकवायचा. मूळ बदललं की सगळ्या नकला आपोआप बदलतात. त्याचं दार आत उघडायचं. गेल्या महिन्यात एका इस्पितळात अशाच दारामागे एक आजी घसरून पडल्या. त्यांचंच अंग दाराला आड आलं. बाहेरचे ढकलत राहिले आणि आत आजी गेल्या.

ताई तेव्हाच साहेबांकडे गेली होती.

"दार बाहेर उघडायला हवं, साहेब. तीनदा सांगितलं मी."

"ताई, ते फिरवलं की चौदा इमारतींचे नकाशे बदलतात. परवानग्या परत कोण आणणार?"

"माणूस गेलंय."

"वय झालं होतं त्यांचं," म्हणून साहेबांनी चहा मागवला होता.

ते आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती कुठल्या कुठे पळाली. त्या बिचारीने चौदा इमारतींत पडून राहायचं, आणि याला चार कागद हलवायचा कंटाळा! तिने मूळ ब्लॉक उघडला, दार फिरवलं आणि साहेबांना न विचारता जतन केलं. समोरच्या नकाशातली सगळी न्हाणीघरं रिकामी झाली.

तेवढ्यात फोन वाजला. आजी गेल्या त्या इस्पितळाचा रखवालदार.

"ताई, सुतार कधी येऊन गेला? न्हाणीघरांची दारं... बाहेर उघडतायत. सगळीच."

तिने एकेक नकाशा तपासला. तेरा स्वच्छ होते. चौदावा वृद्धाश्रमाचा, जिथे तिचे वडील राहत. ते डावखुरे, म्हणून त्यांच्या खोलीतला ब्लॉक तिने हौसेने स्वतःच फोडून, म्हणजे मुळापासून तोडून, नळ डावीकडे घेतला होता. फोडलेला ब्लॉक मुळाचं ऐकत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

तिथलं दार अजून आतच उघडत होतं. मागे माणूस होतं. आता त्याचा डावा हात पुढे होता.

तिने दार फिरवलं. ते परत आत आलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा आत. तिने वृद्धाश्रमात फोन लावला.

"बाबा कुठेत?"

"आंघोळीला गेलेत," सेविका म्हणाली. "थांबा, हाक मारते." पावलं वाजली, मग थाप. "ताई... दार बोटभरच उघडतंय. काहीतरी आड आलंय."

"ढकला ना जोरात..."

"ढकलत होते. पण आत कोण आजी आहेत? त्या म्हणतायत, ढकलू नका."