निळ्या खुणेच्या सात मेंढ्या

समितीची बैठक चारला होती. वहिनी विद्यापीठाच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये पोचल्या तेव्हा एक वाजून गेला होता. मागोमाग नाकाला रुमाल लावून भाऊजी, म्हणजे त्यांचे सख्खे दीर. खासगी तपास वहिनींचा, टिपणं भाऊजींची. भाऊजी बारीकसारीक सगळं लिहीत. त्यातलं कामाचं काय, ते मात्र त्यांना शेवटपर्यंत कळत नसे.

बोलावलं होतं इथे प्राण्यांचं वागणं आणि प्रजनन शिकणाऱ्या एका मुलीने.

"कडी मी लावली होती," ती म्हणाली. "दोनदा ओढून पाहिली. तरी चारला माझी जागा रद्द करणार आहेत."

प्रकरण असं. कुंपणाच्या एका बाजूला वीस मेंढ्या, पलीकडे एक नर. त्याच्या छातीला निळ्या रंगाची कांडी बांधलेली. तो जिच्यावर चढेल तिच्या पाठीवर निळी खूण उमटते. पण या मेंढ्या दुसऱ्याच नरासाठी राखलेल्या. काल संध्याकाळी चारा टाकून मुलगी शेवटी बाहेर पडली. आज सकाळी मधलं दार उघडं, नर आपल्या जागी चारा खातोय, आणि सात मेंढ्यांच्या पाठी निळ्या!

"भाऊजी, सातही नंबर लिहून घ्या."

"दोन, पाच, आठ, अकरा, बारा, सोळा, एकोणीस." भाऊजी थांबले. "आणि ही चार नंबर कुंपणाला चिकटून का उभी? तिला तर रंगही नाही."

"कालपासून हलत नाही तिथून," शेड सांभाळणारे काका म्हणाले. "सारखी शेपटी हलवते, त्या नराकडे बघत. सकाळी मी दार सताड उघडं बघितलं, लावलं आणि फोन केला. पोरगी विसरणारी नाही हो. पण आम्हाला विचारतो कोण!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वैतागलेल्याच होत्या. "काल सहाला सोनोग्राफी केली. अकरा नंबर दोन महिन्यांची गाभण निघाली. तेव्हा मी, काका आणि ही मुलगी, तिघंच होतो. आज कळवणार होते, तर हा गोंधळ."

संशोधन करणारा सीनियर ऑफिसात पंख्याखाली बसला होता. भिंतीवरचा तक्ता मोत्यासारख्या अक्षरात भरलेला.

"तक्ता मीच भरतो. सकाळ-संध्याकाळ पाहणी करून."

"काल माजावर किती होत्या?"

"सात. नराला मोकळं रान मिळालं, दुसरं काय होणार? मुलगी हुशार आहे हो, पण धांदरट."

भाऊजींनी तक्त्यावरचे नंबर ताडून पाहिले. सातही जुळत होते. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, पोरीचं काही खरं नाही."

वहिनी मुलीकडे वळल्या. "याच्याशी तुझं कधी वाजलंय?"

"परवा. म्हटलं, तुम्ही शेडमध्ये येतच नाही. दर सतरा दिवसांनी माज येतो, तेवढं मोजून तक्ता भरता. विभागप्रमुख सरांना सांगेन म्हटलं. पण सर दोन दिवस परगावी होते."

चारला सगळे बैठकीच्या खोलीत जमले. विभागप्रमुख प्रवासातून थेट आले होते. वहिनींनी वेळ दवडला नाही.

"सर, माजावर नसलेली मेंढी नराला जवळ उभं करते?"

"नाही. गाभण तर मुळीच नाही."

"मग दोन महिन्यांच्या गाभण अकरा नंबरवर खूण कशी? आणि चार नंबर कालपासून नरासाठी कुंपणाशी उभी आहे. दार रात्रभर उघडं होतं म्हणता, तर ती पलीकडे का गेली नाही? तो नरही वाढलेलं ताट सोडून गाभणीच्या मागे लागला? या खुणा नराच्या नाहीत. मेंढ्या चाऱ्यात तोंड घालून उभ्या असताना पहाटे कुणीतरी हाताने कांडी फिरवली, आणि काका यायच्या जरा आधी, जाताना कडी काढून ठेवली."

"कुणी?"

"ज्याने मेंढ्या पाहिल्या नाहीत, तक्ता पाहिला, त्याने. तक्त्यात अकरा आहे, चार नाही. खुणाही तशाच. काका, बाई, ही मुलगी, तिघांनाही अकरा नंबर गाभण आहे हे ठाऊक होतं. सर गावात नव्हते. त्या तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा इथे एकच माणूस उरतो. तो लिहिणारा."

सीनियर उठला, पुन्हा बसला. "सहा महिने राहिले होते माझे," तो पुटपुटला. "हिने सांगितलं असतं तर सगळंच गेलं असतं."

"ते आता गेलंच," विभागप्रमुख म्हणाले. मुलीची जागा रद्द करण्याचा कागद त्यांनी टराटरा फाडला. मग त्यांचा आवाज उतरला. "पण तक्ता खोटा, म्हणजे त्यावरचं सगळं काम खोटं. माझा छापायला गेलेला निबंध परत मागवावा लागेल. आणि पोरी, तुझंही वर्ष त्याच तक्त्यावर उभं होतं."

आळ आला तेव्हा न रडलेली मुलगी आता घळाघळा रडली. खरं बोलण्याने तिचंच घर उन्हात बांधलं होतं. भाऊजींनी वही मिटली. त्यांना फार वाईट वाटलं.

मुलीने बाहीने तोंड पुसलं.

"सर, संध्याकाळची पाहणी पाचला असते. नवा तक्ता लागेल. मी निघू?"

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"थांब," ते म्हणाले. "मीही येतो."