शहजादीला कोण खातंय?

हिप्परगा तलावावर जायचं की किल्ल्याच्या बागेत, यावरून उर्वी आणि सुबोध या जुळ्या भावंडांचं जिन्यातच जुंपलं होतं. कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचा डबा कधीचा बांधून तयार होता. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून हे दोघं रोज त्यांची मैत्रीण फिरदोस हिच्या दारात हजर व्हायचे आणि रोज अर्धा दिवस भांडण्यातच घालवायचे. फिरदोस दोघांना गप्प करायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालच्या, चादरी विणणाऱ्या मागांच्या शेडमधून कुणाचं तरी ओरडणं ऐकू आलं. माग चालू असतानाही ऐकू येतं म्हणजे ते साधंसुधं ओरडणं नव्हे. डबा जिन्यातच टाकून तिघं खाली धावली.

शेडच्या मधोमध अझरुद्दीनने येडूची कॉलर धरली होती. अझरुद्दीन म्हणजे फिरदोसचा चुलतभाऊ, कारखान्याचे मालक मकदूमशेठ यांचा एकुलता एक मुलगा. आणि येडू हा तिथला जुना कामगार, तुटलेले धागे शोधून जोडणारा. त्याचा ओठ फुटला होता आणि रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं. फिरदोस पोहोचली तोवर अझरभाईने आणखी एक थोबाडीत लगावली. येडूचं डोकं मागल्या खांबावर आपटलं. बाकीचे कामगार आपापल्या मागाशी उभे राहून नुसते बघत होते. माग मात्र खटाखट चालूच होते.

"हा हूक कुणाचा?" अझरुद्दीनने धागे ओढायची टोकदार तार त्याच्या डोळ्यासमोर नाचवली. "शहजादीच्या खोलीच्या दारात सापडला. तिला भोसकून भोसकून मारायला निघालास?"

"म्या न्हाय केलं, मालक," येडू कसाबसा म्हणाला. "आईची आण. हूक तर हितं कुटं बी पडल्यालं असत्यात. मी त्या खोलीकडं बगत बी न्हाय. मला भ्या वाटतंय की!"

ही शहजादी म्हणजे अझरभाईचा अजगर. परदेशी जातीचा, तीन हात लांब, चॉकलेटी अंगावर सोनेरी ठिपके असलेला आणि रीतसर सरकारदरबारी नोंद केलेला. येडूने त्याला आल्या दिवशीच हात जोडले होते आणि "हिला कुणीतरी एक दिवस ठेचणार" असं सगळ्यांसमोर बोलून गेला होता. घाबरलेला माणूस बडबडतो, पण आता तीच बडबड त्याच्या गळ्याशी आली.

गोंधळ ऐकून मकदूमशेठ आले. त्यांनी मुलाचा हात धरला, पण येडूची बाजू काही घेतली नाही. उद्यापासून कामावर येऊ नकोस, एवढंच त्याला सांगितलं आणि कामगारांकडे वळून हाताने खूण केली, की बघत काय बसलात, मागाकडे लक्ष द्या. काही झालं तरी माग थांबता कामा नये, हा त्यांचा कायदा. शेठनी स्वतःच्या लग्नातसुद्धा माग बंद ठेवले नव्हते, असं गल्लीत लोक सांगायचे, आणि ते स्वतःही ही गोष्ट कधी नाकारत नसत.

फिरदोसला रडू आलं, रागही आला. येडूमामा तिला लहानपणापासून माहीत होता. तो पालीलासुद्धा वळसा घालून जायचा. तो अजगराच्या पेटीत हात घालेल? "तलाव राहू दे," ती दोघांना म्हणाली. "आधी शहजादीला बघू."

शेडला लागूनच एक बारकी खोली होती आणि तिथे शेडच्या भिंतीला टेकून शहजादीची लाकडी पेटी होती. समोर काच, तळाला फळी, फळीखाली ऊब देणारा दिवा. पेटीला अझरभाई दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. आत पालथ्या घातलेल्या मडक्यात शहजादी दिवसभर दडून बसायची. आज मात्र ती मडक्याबाहेर पडून होती, एखाद्या जुन्या दोरीसारखी. फिरदोसने काचेला नाक लावलं. पाठीवर जागोजागी मांस उघडं पडलं होतं. एका ठिकाणी तर कातडी सोलून आतली बरगडी पांढरी दिसत होती. शेपटीचं टोक जवळजवळ नाहीसंच झालं होतं.

सुबोधने मान फिरवली. उर्वीने मात्र ओठ घट्ट मिटून आईचा फोन काढला आणि गोदावरी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ही त्यांची आत्या कुर्डुवाडीला जनावरांची डॉक्टर होती. गाईम्हशींपासून पोपटांपर्यंत सगळ्यांना सुया टोचायची आणि भावंडांनाही सुयांची धमकी द्यायची. उर्वीने फोन काचेजवळ धरला. आत्याने तो डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूहळू फिरवायला लावला. मग तिने भराभर विचारायला सुरुवात केली. नाकातोंडातून फेस येतो का? श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज? नाही म्हटल्यावर तिने विचारलं, "खाल्लं कधी?"

फिरदोसने सांगितलं, की शहजादीने बरेच महिने अन्न सोडलं होतं, पण दिवाळीआधीपासून ती पुन्हा खायला लागली. गेले तीन आठवडे अझरभाई दर आठवड्याला दुकानातून एक जिवंत पांढरा उंदीर आणून संध्याकाळी पेटीत सोडतो, सकाळी उंदीर नसतो.

"तिला उंदीर गिळताना कुणी पाहिलंय?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

"पोट फुगलेलं दिसलं? घाण केली तिने?"

फिरदोसला आठवलं, की अझरभाई उलट कौतुकाने सांगत होता, आमची शहजादी बघ, पेटीतल्या कागदावर एक डागसुद्धा पाडत नाही! आणि पोट? पाठीचा कणा वर आला होता आणि दोन्ही बाजूंनी कातडी आत गेली होती.

"मग तिने काहीही खाल्लेलं नाही," आत्या म्हणाली. "साप जेवला की दिसतो. आणि खाल्लेलं बाहेरही पडतं. या जखमाही तारेच्या नाहीत, कडा कुरतडल्यासारख्या आहेत. मी उद्या सकाळच्या गाडीने येते. तोवर तिच्या तोंडात कुणी काहीही कोंबू नका. कुणीही!"

फोन ठेवला आणि तिघांनी पुन्हा पेटीत डोकावलं. शहजादीने खाल्ले नाहीत, तर उंदीर गेले कुठे?

विचार करायला वेळच मिळाला नाही. दार ढकलून अझरुद्दीन आत आला. एका हातात मेलेला उंदीर, दुसऱ्या हातात चमचा. रागाने त्याचं तोंड लाल झालं होतं आणि डोळेही रडल्यासारखे होते. तिच्या अंगात ताकद नाही म्हणून ती मरतेय, तिला आज भरवणारच, असं काहीतरी तो पुटपुटत होता. त्याने शहजादीला बाहेर काढलं, मांडीवर दाबून धरलं आणि चमच्याच्या दांड्याने तिचा जबडा फाकवला.

"अझरभाई, नको! डॉक्टरांनी सांगितलंय!"

त्याने ऐकलं नाही. चमच्याचा दांडा हिरडीत घुसला, रक्त आलं, दोन बारीक दात त्याच्या पँटवर पडले. शहजादीने अंग पिळवटलं. फिरदोसने त्याच्या हाताला लोंबकळून चमचा ओढला, तसं त्याने तिला झटकून दिलं. ती भिंतीवर जाऊन आदळली आणि कोपर सोलून निघालं.

आपण काय केलं ते अझरुद्दीनला तेव्हा दिसलं. त्याने चमचा टाकून दिला. शहजादीला पेटीत ठेवलं आणि तो जमिनीवरच बसला, डोकं गुडघ्यात घालून.

फिरदोसची पाठ भिंतीला होती आणि भिंत थरथरत होती. पलीकडच्या मागांचा दणका तिच्या पाठीतून दातांपर्यंत जात होता. तिने पेटीकडे पाहिलं. आतल्या वाटीतलं पाणीही थरथरत होतं, एकसारखं, मागांच्या ठेक्यावर. प्रत्येक दणक्याला शहजादीचं अंग आकसत होतं. हिला दिवसभर असंच हादरवत ठेवल्यावर ही जेवणार कशी? आणि मडक्यामागच्या कोपऱ्यात ते काय? लाल आणि हिरव्या सुताची टोकं, चादरीच्या सुताची, फळीच्या फटीतून वर आलेली.

"सुबोध," ती उठत म्हणाली, "मेन स्विच पाड."

"सगळे माग? शेठ माझी चामडी लोळवतील!"

"माझी आधी लोळवतील. जा!"

भांडखोर असला तरी सुबोध भित्रा नव्हता. तो शेडमध्ये पळाला. खाडकन आवाज झाला आणि माग एकामागून एक धापा टाकत थांबले. फिरदोसने जन्मात दिवसाउजेडी इतकी शांतता ऐकली नव्हती. वाटीतलं पाणी स्थिर झालं. शहजादीने हळूच मान उचलली आणि जीभ बाहेर काढून हवा चाखली.

तेवढ्यात मकदूमशेठ मागाचा लाकडी दांडा उगारून आत घुसले. पुढे सुबोध, कान त्यांच्या चिमटीत. "कुणी सांगितलं याला स्विच पाडायला?"

"मी, बडे अब्बा," फिरदोस थोरल्या काकांना म्हणाली. "मारा पाहिजे तर. पण आधी ऐका."

ती शांतता नसती, तर कुणालाच ऐकू आलं नसतं. कुरकुर, कुरकुर, कुरकुर. आवाज पेटीतून येत होता, पण शहजादीकडून नाही. फळीच्या खालून.

अझरुद्दीनने मान वर केली. तो उठला, शहजादीला उचलून टोपलीत ठेवलं, मडकं बाजूला सारलं आणि फळी उपसली. मडक्यामागे फळीला कुरतडून पाडलेलं भोक होतं. खाली दिव्याच्या उबेत चादरीच्या सुताचं गुबगुबीत घरटं, त्यात गुलाबी पिल्लं वळवळत होती आणि पिल्लांभोवती, चांगले गलेलठ्ठ झालेले, तिन्ही पांढरे उंदीर. एकाच्या मिशा रक्ताने माखल्या होत्या.

"शहजादीला खायला आणले होते," उर्वी हळूच म्हणाली, "आणि तेच तिला..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली मादी उसळली. पिल्लांवर कुणीतरी घाला घातलाय, एवढंच तिला कळत होतं. तिने थेट फिरदोसच्या बोटात दात रोवले आणि ती तिथेच लोंबकळत राहिली. फिरदोस किंचाळली. हात झटकला, तरी उंदीर सुटेना. रक्ताचे थेंब भिंतीवर उडाले. अझरुद्दीन जागच्या जागी थिजला.

दारातून कुणीतरी झेपावलं. स्टीलच्या जेवणाच्या डब्याचा फटका बसला आणि उंदीर भिंतीवर आपटून खाली पडला. पुन्हा एक फटका, आणि तो हलायचा थांबला. डबा कुणाच्या हातात होता? येडू! स्वतःचा विसरलेला डबा न्यायला तो परत आला होता, आणि शहजादीची टोपली त्याच्या पायाशी होती. ते ध्यानात येताच तो असा उडाला, की त्याही अवस्थेत फिरदोसला हसू आलं.

"पोरीला दवाखान्यात न्या की," दाराबाहेरून तो म्हणाला. "बघत काय उबं ऱ्हायलाय?"

फिरदोसच्या बोटाला टाके पडले. दुसऱ्या दिवशी गोदावरी आत्या आली, तिने शहजादीच्या जखमा धुतल्या, सुई दिली आणि मग अझरुद्दीनला चांगलंच फैलावर घेतलं. भेदरलेला साप उपाशी राहील, पण शिकार करणार नाही. त्याच्याजवळ जिवंत उंदीर सोडून जाणं म्हणजे त्याला बांधून ठेवण्यासारखं आहे, असं तिने बजावलं. द्यायचा तर मेलेला उंदीर द्यायचा, कोमट करून, चिमट्याने. नाही घेतला तर उचलायचा आणि आठवडाभर वाट बघायची. पेटी त्याच दिवशी गच्चीवरच्या खोलीत गेली, जिथे मागांचा हादरा पोहोचत नव्हता.

अझरुद्दीनने येडूची माफीही मागितली. माग चालू होते, तो येडूच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाला. येडूने "आं?" केलं आणि अझरुद्दीन मान खाली घालून निघून गेला. येडू पुन्हा कामाला लागला. पण कामगारांत अजूनही कुणीतरी त्याच्याकडे पाहून कुजबुजायचं, हे फिरदोस रोज बघत होती.

सुट्टी संपत आली, तेव्हा एका दुपारी अझरुद्दीनने नेहमीसारखा चिमटा पुढे धरला. शहजादीने मान मागे घेतली. पुढे काय झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही. झडप, तीन वेटोळी, आणि मग जबडा हळूहळू उघडून ती जेवायला लागली. सुबोध आणि उर्वी भांडायचं विसरून एकमेकांचे हात धरून बसले होते. अझरुद्दीन तर चक्क रडत होता.

मकदूमशेठही वर आले होते. त्यांनी फिरदोसच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हा मोठ्यांना डोळे होते, पण बघितलं तुम्ही पोरांनी," ते म्हणाले. "बोला, काय हवं? सायकल? तिघांना मिळून काय ते सांगा."

फिरदोसने जुळ्यांकडे पाहिलं. त्यांचं आधीच ठरलं होतं.

"बडे अब्बा, येडूमामाला मारलं ते सगळ्यांनी पाहिलं. माफी मागितली ती कुणालाच ऐकू आली नाही. त्यालासुद्धा."

शेठनी फिरदोसच्या डोक्यावरचा हात काढला. मग ते जिना उतरून शेडमध्ये गेले. त्यांच्यामागे अझरुद्दीन आणि त्याच्यामागे तिघं. शेठनी कुणालाही न सांगता स्वतःच्या हाताने मेन स्विच खाली ओढला.

माग थांबले. कामगार चमकून बघायला लागले. अझरुद्दीन शेडच्या मधोमध गेला, ज्या खांबावर येडूचं डोकं आपटलं होतं तिथे. त्याने येडूचे दोन्ही हात हातात घेतले.

"येडूमामा, तुमची काही चूक नव्हती," तो म्हणाला. "उंदीर मी सोडले होते. आणि हात मी उचलला. मला माफ करा."

शेवटच्या मागापर्यंत प्रत्येकाला ते ऐकू गेलं.