राजवाड्याजवळचं तीन वाजताचं जेवण

बसा जरा, चहा घ्या. एक गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे, पण सुरुवात भांडणानं होते आणि मधेही भांडणच आहे. आणि शेवटी तुमच्याकडून एक काम करून घ्यायचंय, ते आत्ताच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका, फुकटात ऐकवली असं वाटलं होतं.

तर दुबईच्या जुन्या भागात, बर दुबई म्हणतात तिथं, मीना बाजारातल्या कापडवाल्यांच्या वर, पहिल्या मजल्यावर एक ट्रॅव्हल कंपनी. नाव घेत नाही. तिथं इनाया कामाला होती. घरची माणसं दापोलीकडची, शिकली दुबईतल्याच ऊद मेथाच्या शाळेत, वय सव्वीस, जिभेला धार. युरोपच्या टुरांचे कागद तीच बनवायची. बस किती वाजता, तिकीट कुठल्या दारावर, राजवाडा बघून झाला की जेवायला कुठं. असं लिहायची की वाचूनच ढेकर यावा. आणि पोरीनं युरोप बघितलाच नव्हता कधी. पासपोर्टवर शिक्के दोनच, मुंबई आणि दुबई. टूरसोबत जायची वेळ आली की शेठ आपल्या भाच्याला पाठवणार. हा भाचा तिकडं जाऊन काय करायचा? स्वतःचे फोटो काढायचा. सांगताना माझंच डोकं फिरतं. मात्र या वेळी शेठनं इनायाला शब्द दिला होता. "एप्रिलची टूर तुझी. फक्त तोवर एकही तक्रार यायला नको."

आणि ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी तक्रार जिना चढून आली.

उंच पोरगा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, गळ्यात जबल अली बंदरातल्या वेअरहाऊसचं आयकार्ड तसंच. नाव शाहबाज. हातात कंपनीचा एक कागद, टूरशिवाय आपापलं जाणाऱ्यांना देतात तो, घामानं मऊ झालेला.

"व्हर्सायचं हे कुणी लिहिलं?"

"मी. बसा ना."

"बसायला नाही आलो," म्हणाला, आणि बसला. "वाचा. शुक्रवार."

इनायानं वाचलं. "दुपारी तीन वाजता जेवण. राजवाड्यापासून पाच मिनिटांवर शांत, घरगुती हॉटेल. मासे उत्तम. नक्की जा."

"शांत होतं," शाहबाज म्हणाला. "लई शांत. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, एक माणूस फरशी पुसतोय. मी म्हटलं, लंच? त्यानं घड्याळावर बोट ठेवलं. किचन अडीचला बंद. पुढच्या हॉटेलात गेलो, तिथं बंद. त्याच्या पुढच्यात म्हणाले, कॉफी देऊ. माझे अब्बा शुगरचे पेशंट आहेत, मॅडम. तीस वर्षं जबल अलीला क्रेन चालवली माणसानं. रिटायर होताना एकच मागितलं, आयुष्यात एक राजवाडा बघायचा. बघितला. आणि मग त्याच राजाच्या भिंतीला टेकून खाली बसले… हातपाय थंड."

माफी मागावी, असं इनायाला वाटलं. पण तोंड कधी तिचं ऐकायचं नाही.

"मग ऑफिसला फोन करायचा होता."

"केला. ऑफिस बंद. जुम्म्याची सुट्टी."

"…मग?"

"अम्मीच्या पर्समध्ये बिस्किटांचा पुडा निघाला. आमच्या कॅन्टीनचा. पाच हजार किलोमीटर जाऊन अब्बांनी दुबईचं बिस्कीट खाल्लं. तुम्ही स्वतः जेवलात का हो कधी त्या हॉटेलात?"

तिनं टेबलावरचा स्टेपलर इकडचा तिकडं केला. मग म्हणाली, "एक विचारू? दहा वाजता राजवाड्यात शिरलात तुम्ही. एकपर्यंत कुणाला भूक नाही लागली?"

आता तो मान खाजवत म्हणाला, "अम्मी म्हणाली… जुम्म्याला तीनच्या आत जेवतं का कुणी."

"आमच्याकडेपण नाही जेवत," इनाया म्हणाली. "म्हणून तर तीन लिहिलं मी."

बघा आता. आपल्या कोकणातल्या घरांत शुक्रवारी काय असतं? नमाज होते, मग बाप्ये मशिदीबाहेर अर्धा तास गप्पा ठोकतात, मग घरी येऊन बिर्याणीचं झाकण उघडायला वाजतात तीन. पोरीला वाटलं, शुक्रवारी जगच तीनला जेवतं. त्या फरशीवाल्या फ्रेंच माणसाचा काय दोष? त्याचा शुक्रवार वेगळा.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला. त्याचाही हलणार होता… तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आला. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"इनाया, यांना सॉरी लिहून दे. आणि एप्रिलचं खलास. युरोप उद्यापासून भाचा बघेल."

तिचा चेहरा कसा झाला, ते शाहबाजनं बघितलं. तो आला होता तिलाच ओरडायला, पण हे काही त्याला बघवेना.

"एप्रिलचं काय?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय," इनाया म्हणाली.

शेठनंच सांगून टाकलं, "टूरबरोबर पाठवणार होतो हिला. पहिल्यांदाच."

"पहिल्यांदा? मग ही आजवर लिहिते कशी?"

"इंटरनेटवर बघून."

"आणि जो जातो, तो?"

"तो कशाला लिहील?"

शाहबाज उठला. "वा. म्हणजे लिहिणारी जात नाही, जाणारा लिहीत नाही, आणि उपाशी बसायचं माझ्या बापानं." त्यानं तो मऊ कागद उलटा केला, टेबलावरचं पेन घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: चूक कंपनीची आहे. जिनं लिहिलं, तिला तिथं जेवायला पाठवा. खाली सही ठोकली आणि निघाला.

जिन्यावर मागून चपला वाजल्या. इनाया.

"मी मागितली होती का तुमची शिफारस?"

"नाही."

"मग कशाला लिहिलीत?"

"राग आला."

"तो तर माझ्यावर आला होता ना?"

"तो आहेच," शाहबाज म्हणाला. "हा दुसरा."

खाली गल्लीत साड्यांच्या दुकानांपुढं अत्तराचा आणि तळणीचा वास एकत्र दरवळत होता. तो थांबला, घुटमळला. "सकाळपासून काही खाल्लं नाहीये मी. इथं जवळ चांगली जागा…"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग हळू म्हणाली, "जिथं मी स्वतः जेवलेय, तिथलंच सांगते. चला."

आणि अशा रीतीनं हे सुरू झालं बघा. पुढच्या गुरुवारी तो ऑफिस सुटताना खाली उभा. त्याच्या पुढच्याही. ती हट्टाला पेटली होती की आता न खाता एक ओळ लिहायची नाही. ऑफिसात तिला व्हिसाचे फॉर्म भरायला बसवलं होतं, भाचा तिच्या खुर्चीत बसून पाय हलवत होता, पण तिच्या पिशवीत एक वही आली होती. हॉटेल कुठलं, काय खाल्लं, आणि पहिल्या ओळीत, लाल पेनानं, किचन बंद व्हायची वेळ.

एकदा दोघं आब्रात, म्हणजे तिकडच्या होडीत बसून खाडी ओलांडत होती. वाऱ्यानं तिच्या ओढणीचं टोक उडून त्याच्या मनगटावर पडलं. तिनं ओढलं नाही. त्यानं हात हलवला नाही. होडीवाला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता, आणि ही दोघं पाण्याकडं अशी बघत होती जसं काही त्यांनी पाणी पहिल्यांदाच बघितलंय.

"आजच्या डाळीला दहापैकी किती?" त्यानं विचारलं.

"सात."

"रोटीला?"

"सहा. कडक होती."

"आणि… सोबतीला?"

तिनं वही बंद केली. "ते अजून टेस्टिंगमध्ये आहे."

"किती दिवस चालणार टेस्टिंग?"

"घाईनं लिहिलं की काय होतं, तुम्हाला माहितीये."

बिचारा पलीकडच्या काठापर्यंत एकटाच हसत होता.

आता घरचं ऐका. त्याची आई मरियमबी. शारजात, रोला भागात फ्लॅट. बाई मनाची मोठी, पण राग वाळवून बरणीत भरून ठेवणारी. शाहबाजनं महिन्याभरानं धीर करून नाव काढलं, तर म्हणाली, "कोण, ती कागदवाली? माझ्या नवऱ्याला जिनं रस्त्यावर बसवलं, ती? आण की. शुक्रवारी आण. बरोब्बर तीनला."

शाहबाज खूश. त्याला वाटलं अम्मी विरघळली.

शुक्रवारी इनाया सकाळपासून उपाशी. जेवायला बोलावलंय म्हटल्यावर पोट रिकामं ठेवायचं, एवढी रीत तिला ठाऊक होती. बरोब्बर तीनला बेल वाजवली. शाहबाजनं दार उघडलं, आणि त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं काहीतरी बिनसलंय.

आत जेवणाच्या टेबलावर सहाच्या सहा खुर्च्या उलट्या घातलेल्या. मरियमबी फरशी पुसत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"आमच्याकडं किचन अडीचला बंद होतं," म्हणाली.

"अम्मी…"

"तू गप रे. विचार तिला, कॉफी देऊ का."

आणि आतून बिर्याणीचा असा वास येत होता की भिंतींना भूक लागावी. इनायाचे कान तापले. हा कसला पाहुणचार? तिच्या तोंडात उत्तर तयार होतं, एक नाही, चार. पाय दाराकडं वळलेसुद्धा. तेवढ्यात तिला खिडकीजवळ बसलेला शाहबाजचा बाप दिसला, खैरुद्दीन. बारीक अंगाचा माणूस, पायात मोजे, हे सगळं बघून ओशाळलेला. त्या भिंतीला टेकून बसलेला माणूस हाच.

महिनाभर तिनं शाहबाजला शंभर उत्तरं दिली होती. सॉरी हा एक शब्द मात्र तोंडातून निघाला नव्हता. शेठनं लिहून मागितला तेव्हासुद्धा नाही.

ती जाऊन म्हाताऱ्याच्या खुर्चीशी खाली बसली. "अब्बा… चुकलं माझं. न बघता लिहिलं मी. तुमचा राजवाडा बिघडवला."

खैरुद्दीननं खिशात हात घातला. त्या दिवसापासून मरियमबी त्याला बिस्किटांच्या पुड्याशिवाय घराबाहेर सोडत नव्हती, घरातसुद्धा खिशात असायचा. "राजवाडा चांगला होता गं," तो म्हणाला. "आरसेच आरसे. भूक लागली असेल ना तुला? घे."

तेच बिस्कीट. कॅन्टीनचं. इनायानं घेतलं, खाल्लं, आणि डोळे भरले ते काही थांबेनात.

मरियमबीनं पोछा बादलीत आपटला. "बिस्किटानं पोट भरतं का कुणाचं? शाहबाज, उतरव त्या खुर्च्या. आणि पोरी, ऊठ, ताटं घे. पाहुणी समजू नकोस स्वतःला. पाहुण्यांना आम्ही वेळेवर वाढतो."

वळली आणि ओढणीनं नाक पुसत आत गेली.

दोघं खुर्च्या उतरवायला लागली. एका खुर्चीला दोघांचे हात लागले, आणि कुणीच ती खाली ठेवेना.

"इनाया."

"काय?"

"टेस्टिंग संपलं का तुझं?"

तुझं म्हणाला. पहिल्यांदाच. तिच्या लक्षात आलं, पण दाखवलं नाही.

"एक ओळ राहिलीये. किचन किती वाजता बंद होतं?"

शाहबाज म्हणाला, "तुझ्यासाठी… नाही होत बंद. कधीच."

"मग लिहून टाकते," ती म्हणाली, अगदी हळू. "लाल पेनानं."

आतून मरियमबी ओरडली, "खुर्ची ठेवताय की लग्नाला घेऊन जाताय?"

लग्नालाच गेली म्हणा ना. फेब्रुवारीत निकाह झाला. शेठनं एप्रिलची टूर भाच्यालाच दिली, ते ऐकून मला तीन दिवस जेवण गेलं नाही. इनायानं काय केलं? राजीनामा टेबलावर ठेवला, वही उचलली आणि दुबईतल्याच करामा भागातल्या दुसऱ्या ट्रॅव्हल कंपनीत गेली. तिथल्या बाईनं वही वाचली आणि म्हणाली, उद्यापासून ये.

आता एप्रिलात ती चाललीये. टूरबरोबर नाही, नवऱ्याबरोबर. तोच राजवाडा. आणि नवीन जोडप्याला एकटं सोडतील तर ती आपली माणसं कसली? मरियमबी आणि खैरुद्दीनसुद्धा निघालेत. म्हातारी म्हणते, त्या फरशीवाल्यासमोर बाराच्या ठोक्याला जाऊन बसते, बघते कसा वाढत नाही.

म्हणून तुमच्याकडचं काम. तुमच्यापैकी कुणी व्हर्सायला गेलं असेल, आणि राजवाड्याजवळ खुर्चीवर बसून स्वतःच्या तोंडानं जेवलं असेल, तर मला जागा सांगा. फोटो बघून सांगू नका, भाच्याला विचारून तर मुळीच नको. चार माणसं आहेत, मासे चालतील, म्हाताऱ्याला गोड कमी. आणि निघताना त्यांचं किचन किती वाजता बंद होतं, तेवढं विचारलं असेल तर तेही सांगा.