पाचनंतरचा हॉल

"हा हॉल आमची आहे," तो म्हणाला आणि दारातच उभा राहिला. मिटलेल्या छत्रीचं पाणी त्याच्याच बुटांवर ठिबकत होतं.

देवयानीचं डोकं आधीच तापलेलं. पुण्याच्या मुख्य कचेरीनं तिला तीन महिन्यांसाठी थेट बंगालात, खिदिरपूर बंदराजवळच्या शाखेत धाडलं होतं. जहाजांच्या मालाची कागदपत्रं करणारी कंपनी, आणि हिचं काम काय, तर इथल्या लोकांमध्ये कामाची हौस पुन्हा जागवायची! हौस? इथले जुने कारकून दासबाबू सकाळी फाइल उघडायचे आणि तिच्यावरच डुलक्या काढायचे. तिनं फुगे लावले, खेळ घेतले, टाळ्या वाजवून घेतल्या... लोकांनी सामोसे खाल्ले आणि घरी गेले. म्हणून आज पाच वाजता सक्तीची हजेरी. आणि हा कोण टिकोजीराव?

"आमची नाही, आमचा! आणि आज तो माझ्या नावावर आहे."

"मी शंतनु. हिशेब विभागात असतो. बाबांच्या बँकेनं त्यांची इथे बदली केली, तेव्हापासून आम्ही इथलेच; म्हणून मराठी अशी. दुर्गापूजेआधी ऑफिसचं नाटक असतं, मीच बसवतो. पाचला तालीम."

"टेबलावर यांच्या डोळ्यांवर झापड, आणि नाटक करायचंय?"

"थोडा वेळ बघा तरी... मग हाकला."

ती तालीम संपेपर्यंत बसून राहिली. दासबाबू राजा होऊन असे गरजले, की ती खुर्चीत दचकली. पडदा कुणी शिवायचा, दिवे कुणी सांभाळायचे यावरून कडाक्याची भांडणं, आणि ती मिटवलीही त्यांनीच.

"माणसं मेलेली नाहीत हो," शंतनु हळूच म्हणाला. "वर ऑफिसात कामाबद्दल त्यांना कुणी विचारत नाही. नुसतं सांगतात."

तिला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं फुगे फेकून दिले. कुठल्या जहाजाचं काम कुणी करायचं, ते लोकांनाच ठरवू दिलं. आधी नुसता गोंगाट झाला. मग एके दिवशी दासबाबू चक्क वेळेआधी टेबलावर! संध्याकाळी ती मातीच्या पेल्यातला चहा घेऊन तालमीला बसू लागली. शेजारची खुर्ची शंतनुची कधी झाली, कळलंच नाही.

"तुम्ही हसलात की नट संवाद विसरतात," तो एकदा म्हणाला.

"नट विसरतात, की दिग्दर्शक?" ती फणकारली. पण कान लाल झालेच.

तुम्हीचं तू झालं. तो तिला बसस्टॉपपर्यंत सोडायचा, छत्री तिच्याकडे कलती धरून स्वतः भिजायचा... आणि बोलायचा काय? नेपथ्य, दिवे, दासबाबूंचा घसा! अरे देवा! अख्ख्या ऑफिसला बोलतं करणारा हा माणूस स्वतःचं तोंड काही उघडेना. तीन महिने संपत आले होते. ती गेली तर हा काय नुसता टाटा करणार होता?

नाटक झालं. टाळ्या थांबता थांबेनात. सगळे गेल्यावर तो खुर्च्या उचलत होता.

"शंतनु, माझी मुदत संपली."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग?"

"मग... मी पण येतो ना. पुण्याला बदली मागितली होती. काल मंजूर झाली."

देवयानीनं कपाळावर हात मारला.

"अरे गाढवा! मी इथली मुदत दोन वर्षं वाढवून घेतली. आज दुपारी!"

तो खुर्ची घेऊनच वळला. "पण तुला तर इथला उकाडा..."

"नकोच आहे उकाडा! मासे बघवत नाहीत, बंगाली कळत नाही. तू आवडतोस म्हणून राहतेय, मूर्खा! आणि तू? ही माणसं, हे नाटक सोडून निघाला होतास?"

"हो." तो म्हणाला. "तू नसताना इथे कशात मन लागणार?"

ती चिडली, इतकी की रडूच आलं. त्यानं रुमाल काढला, तर त्यालाही राजाच्या मिशीचा डिंक.

"एका शब्दानं बोलायचं नाही?"

"भीती वाटली... नाही म्हणालीस तर?"

"उद्या आधी ती बदली रद्द कर. दासबाबूंना कोण आवरणार? आणि आता बोल."

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "देवयानी... लग्न करशील माझ्याशी?"

"करीन रे बाबा, करीन! किती वेळ लावलास!"